एम-४२ आट्यांचा की मृगातला? : पुण्यातल्या खगोल-छायाचित्रणाच्या सामानाची सामायिक यादी

फिरता_तारा

मंडळी, पावसाळा आहे. दुर्बिणी कपाटात आणि आपण घरात. जूनपासून एक फ्रेम घेतलेली नाही, तेव्हा रिकामपणाचा उद्योग म्हणून हा धागा.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे पानशेतच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतात गेलो होतो. नवा रिड्यूसर (दुर्बिणीची फोकल लांबी कमी करणारं भिंग), जुनाच कॅमेरा, आणि दोघांच्या मध्ये लागणारी एक रिंग ऑनलाइन मागवलेली. वर्णनात 'एम-४२' स्वच्छ लिहिलं होतं. अंधारात लाल टॉर्च तोंडात धरून रिंग फिरवायला घेतली. दीड आटा गोड गेली आणि मग घट्ट. मला वाटलं थंडीने आवळली असेल, म्हणून जरा जोर लावला. तो 'जरा' महागात पडला. रिंग ना पुढे ना मागे. घरी आल्यावर दोन रबरी पट्टे आणि बायकोचा हेअर ड्रायर वापरून सुटली, पण रिड्यूसरच्या पहिल्या दोन आट्यांवर ओरखडे कायमचे.

रिंग एम-४२ च होती हो. पण पीच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, म्हणजे जुन्या स्क्रू-माउंट कॅमेरा लेन्सचा. दुर्बिणीवाल्यांचा कॅमेरा जोडायचा टी-२ आटा सुद्धा एम-४२ च, पण पीच ०.७५. व्यास एक, नाव एक, आटे वेगळे. डोक्यावर मृगातला एम-४२ तेजोमेघ लखलखत होता आणि हातातला एम-४२ अडकून बसला होता. त्या रात्री फोटो शून्य.

परत आल्यावर मी लोकांनी मिळून बनवलेल्या सामानाच्या याद्या धुंडाळल्या. सगळ्यात मोठी अर्थात अ‍ॅस्ट्रोबिनवरची. साल्वातोरे इओवेने या इटालियन गृहस्थांनी ती साइट उभी केली. तिथे सामानाची नोंद सभासद करतात आणि मॉडरेटर तपासून ती मंजूर करतात. मला आवडलेली गोष्ट म्हणजे कॅमेरा आणि त्यातला सेन्सर यांच्या नोंदी वेगळ्या असतात आणि एकमेकींना जोडलेल्या असतात. एखाद्या दुर्बिणीवर टिचकी मारली की जगभरात तिच्यातून काढलेले फोटो समोर. खरेदीआधी याहून चांगला सल्लागार नाही.

पण ते भांडार फोटोंसाठी आहे. मला हवंय ते नटबोल्टांच्या पातळीवरचं. म्हणून एक साधी शीट उघडली आहे. रकाने असे: वस्तू, दोन्ही बाजूंचे आटे (आतले की बाहेरचे, व्यास, पीच), रिंग जोडल्यावर प्रत्यक्षात किती लांबी वाढते, कोणी मोजलं, कशाने मोजलं. डब्यावर छापलेला आकडा चालणार नाही. हातात धरून मोजलेलाच लिहायचा. एवढीच अट.

कोण कोण येतंय?

ढगाळ

आणखी एक यादी! पुण्यात तीन खगोलप्रेमी जमले की चार याद्या होतात. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याआधी दोन शीटा झाल्या. पहिलीत सात नोंदी, त्यातल्या चार एकाच माणसाच्या. दुसरी कोणीतरी चुकून सॉर्ट केली आणि सगळ्यांच्या दुर्बिणी सगळ्यांच्या कॅमेऱ्यांना लागल्या. माझ्या नावावर दोन महिने एक ११ इंची दुर्बीण होती. तेवढंच सुख.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हाडाचा_टर्नर

फिरता_तारा, रिंग सोडवायला हेअर ड्रायर वापरलास ते बरं केलंस. पक्कड लावली असतीस तर रिड्यूसर गेला असता.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. असे अडकलेले नग घेऊन वर्षाला पाच-सहा जण येतात आणि निम्म्यांचं दुखणं हेच. तर काही गोष्टी सांगतो, यादीत नक्की घाला.

व्हर्नियर लावून एम-४२ ओळखायला जाऊ नका. बाहेरचे आटे मोजलेत तर पूर्ण ४२ कधीच येत नाही, थोडा कमीच येतो. त्यावरून माल खोटा ठरत नाही. आतले आटे मोजलेत तर ०.७५ पीचला साधारण ४१.२ आणि १ पीचला ४०.९. हा फरक घरच्या व्हर्नियरवर आणि घरच्या हातावर भरवसा ठेवण्याएवढा नाही. पीच गेज घ्या, तपकीर गल्लीत नाही मिळालं तर हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. तेही नको असेल तर फूटपट्टी आट्यांवर आडवी धरून मोबाइलने जवळून फोटो काढा आणि झूम करून ३ मिमीत किती आटे बसतात ते मोजा. चार बसले तर ०.७५, तीन बसले तर १. संपला विषय.

दुसरं, एम-४८ चा पीचही ०.७५ च असतो. म्हणून लोक एम-४२ वरून एम-४८ वर जायला घाबरतात ते उगाच. फुल फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिमीच्या वर जातो. तो एम-४२ च्या भोकातून बघणार कसा? कोपरे काळे पडणारच. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरचा कर्ण २८ च्या आसपास, त्याला एम-४२ चालून जातं.

तिसरं, लेथवर बनवून घेतलेल्या रिंगा आतून चकचकीत ठेवू नका. तेजस्वी तारा फ्रेममध्ये आला की आतल्या भिंतीवरून प्रकाश परततो आणि फोटोत कडं उमटतं. काळं ॲनोडायझिंग, आणि आत जमलं तर मॅट.

नवशिक्या

धाग्यासाठी धन्यवाद, वाखु (वाचनखूण) साठवली आहे. बाळबोध प्रश्न विचारतो. सगळे ५५ मिमी ५५ मिमी म्हणतात ते नक्की काय? आणि यादीत गेनचा (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा त्याचा) रकाना पण ठेवा ना. मी एका परदेशी माणसाची 'गेन १००' ही सेटिंग तशीच्या तशी घेतली, सेन्सरही तोच आयएमएक्स ५७१, पण कंपनी वेगळी. फोटो अगदी मरतुकडा आला.

रोहिणीशकट

नवशिक्या, बाळबोध नाहीये रे प्रश्न, पाच-पाच वर्षं फोटो काढणारे इथे घसरतात.

५५ मिमी म्हणजे फ्लॅटनर (कडेचे तारेही नीट टिपायला लावलेलं भिंग) किंवा रिड्यूसरच्या मागच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. सगळ्यांचं ५५ च असतं असं नाही, पण बहुतेकांचं असतं. हा आकडा जुन्या टी-माउंटमधून आलाय. कॅनन ईएफची बॉडी ४४ मिमी खोल, तिला ११ मिमीची टी-रिंग, झाले ५५. निकॉन एफ ४६.५ खोल, तिची रिंग ८.५, पुन्हा ५५. मिररलेस आल्यावर गणित बदललं. कॅननच्या आरएफची खोली २० च, म्हणजे रिंग ३५ ची हवी. जुनी 'कॅनन टी-रिंग ११ मिमी' ही नोंद वाचून आरएफवाला फसतो, म्हणून यादीत नुसतं 'कॅनन' लिहू नका, माउंटचं नाव लिहा. शिवाय मध्ये २ मिमी जाडीचा फिल्टर असला की जाडीच्या साधारण एक तृतीयांश वाढवावं लागतं. मग ५५ चे ५५.७ होतात. ०.७ साठी कशाला डोकं खपवायचं, असं मीही म्हणत होते. मग कोपऱ्यातले तारे उडत्या पाखरांसारखे दिसले.

आता गेन. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या कॅमेऱ्यात गेनचा एकक ०.१ डेसिबल, म्हणजे गेन १०० म्हणजे १० डेसिबल. त्यांच्या २६०० मॉडेलमध्ये नेमक्या १०० ला सेन्सरचा हाय कन्व्हर्जन मोड सुरू होतो आणि रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंगाट) साधारण १.५ इलेक्ट्रॉनपर्यंत खाली येतो. क्यूएचवायचे आकडे त्यांच्या स्वतःच्या मोजपट्टीचे, तिथे १०० चा अर्थ निराळा. सेन्सर एकच, पण दोन कंपन्यांचे गेनचे आकडे म्हणजे रुपया आणि येन. तेव्हा यादीत गेन लिहायचाच असेल तर शेजारी इलेक्ट्रॉन प्रति एडीयू (फाइलमधल्या एका अंकामागे किती इलेक्ट्रॉन) आणि रीड नॉइज लिहा. दोन फ्लॅट (सारख्या उजेडाच्या) आणि दोन बायस (झाकण लावून, कमीत कमी वेळेच्या) फ्रेम घेतल्या की दोन्ही काढता येतात, शार्पकॅप सॉफ्टवेअरमधलं सेन्सर अ‍ॅनालिसिस हे काम आपणहून करतं. पावसात घरबसल्या होण्यासारखं आहे, आकाश लागत नाही.

बिल क्लॅफ यांची 'फोटॉन्स टू फोटोज' ही साइट बघितली आहे का कोणी? वाचकांनी पाठवलेल्या रॉ फाइल्समधून मोजलेले आलेख. कंपनीने काय छापलंय याच्याशी देणंघेणं नाही.

फिरता_तारा

रोहिणीताई, दंडवत. नुसत्या गेनऐवजी तुम्ही सांगितलेले दोन रकाने घातले.

लेन्सवाल्यांसाठी हेच काम लेन्सफन हा प्रकल्प करतो. लोक स्वतःच्या लेन्सने इमारतींच्या सरळ कडांचे फोटो काढतात, त्यातून लेन्सचा वाकडेपणा मोजतात, तो आकडा मोफत यादीत जातो आणि डार्कटेबल, डिजिकॅम वगैरे फोटो-सॉफ्टवेअर ती यादी वापरतात. सिरिल या खगोल-फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्येही रंग जुळवण्यासाठी सेन्सर आणि फिल्टर यांच्या वक्ररेषांचं (कुठल्या रंगाचा प्रकाश किती घेतात त्याचं) भांडार आहे, नोंदी लोकांनी भरलेल्या. तुमचा फिल्टर त्यात नसेल तर फाइल बनवून द्यायची. म्हणजे ढगाळराव म्हणतात तशा याद्या मरतात खऱ्या, पण ज्यांच्यावर कुठलं तरी काम अडतं त्या जगतात.

वेल्ह्याचा_अंधार

उशिरा आलो. यादीत माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक) घेणार असाल तर एक रकाना माझ्याकडून: 'साडेअठरा अंशांना चालतं का?'

पुण्याचा अक्षांश १८.५. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंश वर. युरोप-अमेरिकेतले लोक ४०-५० अंशांवरून लिहितात, तिथे ही अडचण कोणाच्या गावीही नसते. आपल्याकडे इक्वेटोरियल माउंटचा ध्रुवाकडे रोखलेला मुख्य अक्ष जवळजवळ आडवा होतो. मग काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा खाली आला की उभ्या रेषेपासून अठरा अंश उत्तरेकडे झुकतो, आणि उत्तरेकडे कोण उभं असतं? ट्रायपॉडचा पाय. कारण पुस्तिकेत लिहिलंय, एक पाय उत्तरेला ठेवा.

वेल्ह्यात एका रात्री मी आकाशगंगेच्या मध्यभागाचा पाठलाग करत होतो. पहाटे तीनला 'टक्' असा एक आवाज आला. मला वाटलं कुत्रं. मग मोटर कुरकुरायला लागली. वजन पायाला टेकलं होतं आणि मोटर ते दाबत होती. पुढच्या चाळीस फ्रेममध्ये ताऱ्यांच्या शेवया.

उपाय सोपा आहे. ट्रायपॉड फिरवून पाय दक्षिणेला घ्या, म्हणजे दांडा दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो. पण मग ट्रायपॉडच्या डोक्यावर दिशेची जी खुंटी असते ती उलट्या बाजूला यायला हवी. काही माउंटमध्ये ती काढून दुसरीकडे बसवता येते, काहींत येत नाही. तिथे मग पिअर एक्स्टेन्शन (ट्रायपॉड आणि माउंटमधला खांब), तेवढीच उंची मिळते. हार्मोनिक ड्राइव्हची माउंट बऱ्याचदा वजनाशिवाय चालतात, त्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

तर रकाने हे: किमान अक्षांश छापील किती, खुंटी हलते का, आणि वजन किती खाली सरकवलं की पायाला लागतं. शेवटचं फूटपट्टीने मोजून. छापील भारक्षमतेबद्दल बोलतच नाही. फोटोसाठी निम्मी धरा, हे सगळ्यांना पाठ आहे.

अवांतर: या अक्षांशाचं सुखही आहे. ओमेगा सेंटॉरी आपल्याकडे २४ अंशांपर्यंत वर येतो. लंडनवाल्याने यायचं बघायला.

ढगाळ

पाय उत्तरेला ठेवणारा मीच. गेली तीन वर्षं. 'टक्' आवाजाला मी 'गिअर सेट होतायत' म्हणत होतो.

शीटची लिंक पुन्हा द्या.

रोहिणीशकट

ढगाळराव शरण आले, तारीख लिहून ठेवा.

एक गंभीर मुद्दा. शीटमध्ये 'मालक' आणि 'पत्ता' असे रकाने दिसले. ते ताबडतोब काढा. कोणाच्या घरी काय किमतीचं सामान आहे आणि ते कुठल्या सोसायटीत आहे, ही यादी आपण आपल्या हाताने करून इंटरनेटवर टांगतोय. अमावास्येच्या शनिवारी आपण सगळे गावाबाहेर असतो, हेही सगळ्यांना माहीत.

मोजणाऱ्याचं टोपणनाव पुरे. सीरियल नंबर मात्र प्रत्येकाने स्वतःकडे लिहून ठेवा, फोटोसकट. जुना माल घेताना उपयोगी पडतो. माझ्याकडे एकाने 'एकदाही न वापरलेली' म्हणून ८० मिमीची दुर्बीण आणली होती. टॉर्च मारला तर भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पुण्यातले दोन पावसाळे विनासिलिकाजेल काढले होते तिने. न वापरलेली होती हे मात्र खरं असावं.

फिरता_तारा

काढले दोन्ही रकाने. लाज वाटली, डोक्यातच आलं नाही.

आता माझी एक कबुली. शीटमधली पहिली नोंद मीच केली होती, माझा फिल्टर ड्रॉवर (फिल्टर सरकवायचा खण), लांबी २१ मिमी. तो आकडा मी मोजला नव्हता, एका परदेशी यादीतून उचलला होता. म्हणजे अट घालणाराच पहिला चोर. काल रात्री एका जुन्या फ्रेमवर प्लेट सॉल्व्ह चालवलं. दुर्बीण ३६० मिमी फोकल लांबीची, रिड्यूसर ०.८, म्हणजे २८८ यायला हवी. ताऱ्यांच्या नकाशावरून उत्तर आलं २९३. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे दर पिक्सेलला २.६९ ऐवजी २.६५ कोनीय सेकंद. आकडा चिमुकला वाटतो, पण फोकल लांबी वाढली याचा अर्थ सेन्सर रिड्यूसरच्या जास्त जवळ बसलाय.

ड्रॉवर काढून मोजला. १७. नाव तेच, डबा तसाच, आवृत्ती वेगळी. अख्खा मोसम मी ५५ समजून ५१ वर फोटो काढत होतो आणि कोपऱ्यातल्या वाकड्या ताऱ्यांसाठी दुर्बीण बनवणाऱ्यांना शिव्या घालत होतो.

नोंद दुरुस्त केली. आणि रकाना वाढवला: 'आवृत्ती, किंवा खरेदीचं वर्ष'.

हाडाचा_टर्नर

४ मिमीचा स्पेसर करून देतो. रविवारी ये, ड्रॉवर घेऊन ये. डबा नको.

जुनाआरसा

तुम्हा पोरांची चर्चा दोन दिवस वाचतो आहे. मजा वाटली.

माझी दुर्बीण घरी घासलेली आहे, सहा इंची. दोन काचा एकमेकींवर, मध्ये कार्बोरंडम आणि पाणी. सुरुवातीला ८० नंबरची भरड पूड, मग बारीक बारीक होत शेवटी डांबराच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. टेबलाभोवती गोल फिरत घासायचं, म्हणजे आरसा सगळीकडून सारखा होतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात ते टेबल म्हणजे एक रिकामा पिंप होता. त्यात पाणी भरून ठेवायचं, हलू नये म्हणून. आई म्हणायची, एवढी भांडी घासली असतीस तर घर उजळलं असतं.

ठरवली होती १२०० मिमी फोकल लांबीची. घासून झाल्यावर भिंतीवर प्रतिमा घेऊन मोजली तर १२१२ आली. वहीत १२१२ लिहिलं, नळीवरही तैलरंगाने १२१२. बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, काका, बारा मिलिमीटर जास्त कशाला? मी सांगतो, झाली.

आता तुमच्या यादीत भरायला गेलो तर ती मला पुढे जाऊ देत नाही. 'कंपनी' हा रकाना सक्तीचा आहे म्हणते. कंपनी काय लिहू? मी एकटाच होतो.

ढगाळ

काका +१००. 'मी एकटाच होतो' हे लिहा की.

फिरता_तारा

काका, चूक माझी. 'कंपनी' ऐवजी आता 'घडवणारा' केलंय, तिथे तुमचं टोपणनाव टाका. फोकल लांबी १२१२, कशाने मोजली त्यापुढे 'भिंत' लिहिलं तरी चालेल. फोटो काढता का त्यातून?

जुनाआरसा

चंद्राचे काढतो, नातवाचा मोबाइल आयपीसला लावून. मोबाइल धरायचा तो क्लँप डुगडुगतो, त्याची नोंद करायची का?

आणि तो 'साडेअठरा अंशांना चालतं का' रकानाही रिकामा राहिला तर लाल होतोय. माझी डॉब्सन आहे. लाकडी खोकं. ते कुठल्याही अंशाला चालतं.

वेल्ह्याचा_अंधार

काका, तुमच्यासाठी त्या रकान्यात 'लागू नाही' हा पर्याय घालतोय.

क्लँपची नोंद करा, आणि आटे कुठले आहेत तेही बघून ठेवा.

जुनाआरसा

आटे नाहीत. रबर बँड आहे.